सुट्टीत लेकरं कोण सांभाळणार? वेचणीच्या दिवसांसाठी गटाचं नियोजन

(हा पाठ दिवाळीच्या आधीच्या बैठकीत मोठ्यानं वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी.)



आपल्या ढाणकी भागात दिवाळीची सुट्टी आणि शेतातली धावपळ एकाच वेळी येते. सोयाबीनची सोंगणी, मळणी उरकत आलेली असते. कापूस फुटलेला असतो. सीतादहीची पूजा झाली की वेचणी सुरू होते. वेचणीचे पैसे किलोवर, त्यामुळं एक दिवस घरी राहिलं की त्या दिवसाचे पैसे बुडाले. नेमकी त्याच दिवसांत शाळा बंद असते. म्हणजे आईला सगळ्यात जास्त काम असतं, तेव्हाच लेकरं दिवसभर घरी असतात.

मग लहान लेकरू कुठं राहतं? बैठकीत हा प्रश्न विचारला की तीन उत्तरं येतात: आजीजवळ, सोबत शेतात, नाहीतर मोठ्या बहिणीजवळ. आज ही तिन्ही उत्तरं तपासून पाहू आणि चौथं उत्तर गटातून काढता येतं का ते बघू.

नेहमीची तीन उत्तरं

आजी धडधाकट असेल आणि एक-दोनच लेकरं असतील, तर आजीसारखं दुसरं कोणी नाही. पण बऱ्याच घरांत आजी स्वतःच वेचायला जाते. काही आज्यांचे गुडघे दुखतात, नजर कमी झालेली असते. दीड-दोन वर्षांचं लेकरू दारातून पळालं तर तिला मागं धावता येत नाही.

शेतात नेलं तर लेकरू डोळ्यांसमोर राहतं असं वाटतं. खरं तर आपण तासात वाकून वेचत पुढं जातो आणि झोळी मागं धुऱ्यावर राहते. साप, विंचू, कठडा नसलेली विहीर, शेततळं, सुरू असलेलं थ्रेशर, हे सगळं तिथंच असतं. शिवाय फवारणी. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. ती धडधाकट मोठी माणसं होती. लहान लेकराचं अंग छोटं, ते जमिनीवर बसतं, हातात येईल ते तोंडात घालतं. फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावर त्याला ठेवणं, फवारणीच्या डब्यानं पाणी घेणं, रिकाम्या बाटलीशी खेळू देणं, हे कधीच करू नये.

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त ऐकायला येतं: "पोरगी आहे ना घरी." पोरगी असते नऊ-दहा वर्षांची. ती भावाला खाऊ घालते, झोपवते, भांडी घासते, पाणी भरते. तिच्याच वयाचा मुलगा मात्र सुट्टी म्हणून मैदानात असतो. पोरगी कितीही समजदार असली तरी लेकरू भाजलं, विहिरीकडं गेलं, घशात काही अडकलं तर ती एकटी काय करणार? आणि वाईट झालं तर "तुझं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न तिलाच विचारला जातो. तो बोजा ती आयुष्यभर वागवते. सुट्टी तिचीही आहे, हे आपण विसरतो.

लेकरू सांभाळणं हेही कामच

"सांभाळायला काय लागतं, घरीच तर बसायचं" असं म्हटलं जातं. कायद्यानं मात्र या कामाची किंमत मानली आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली गेली, की कामाच्या ठिकाणी बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांतल्या एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. खाजगी शेतातल्या वेचणीला हा नियम लागू नाही. पण त्यामागचा विचार आपल्याला घेता येतो: सगळ्यांची लेकरं जी सांभाळते ती रिकामी बसलेली नाही, तीही मजुरीवरच आहे.

याच्याही आधीचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथं आणि पुढं डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. लोकांचं काम जसं असेल तशी मुलांची सोय लावायची, ही त्यांची रीत. देशात अंगणवाडीची योजना १९७५ मध्ये सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आपल्याला शाळा काढायची नाही. दहा-बारा दिवसांची सोय लावायची आहे.

पाळीचा हिशेब

समजा, गटातल्या दहा घरांत सहा वर्षांखालची लेकरं आहेत आणि वेचणीचे दहा दिवस धरले. रोज दोघी घरी राहून सगळी लेकरं सांभाळतील, आठ जणी शेतात जातील. दहा दिवसांच्या वीस पाळ्या झाल्या. दहा जणींत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन दिवस येतात.

आता पैशाचं बघू. समजा, एक बाई दिवसाला ४०० रुपयांचा कापूस वेचते.

पाळी लावली तर ती आठ दिवस शेतात जाईल. ४०० गुणिले ८, म्हणजे ३,२०० रुपये.

लेकरू सोबत नेलं तर मध्ये दूध पाजणं, रडणं, धावणं. वेचणी निम्म्यावर येते असं धरा. २०० गुणिले १०, म्हणजे २,००० रुपये.

लेकरासाठी घरीच बसली तर शून्य.

म्हणजे दोन दिवस घरी राहूनसुद्धा त्या बाईच्या हातात १,२०० रुपये जास्त येतात, आणि लेकरू सावलीत, मोठ्या माणसाच्या नजरेखाली राहतं. आपापल्या भावानं हा हिशेब गटात पुन्हा मांडून बघा.

इथं दोन प्रश्न निघतील. पहिला: "मी भरभर वेचते, माझं नुकसान होईल." म्हणूनच पैसे एकत्र करून वाटू नका, दिवसांची पाळी लावा. जिची जितकी वेचणी, तितके तिचे पैसे. दुसरा: "माझी पोरं मोठी झाली, मी कशाला पाळी देऊ?" तिच्यावर सक्ती नको. पाळी लेकरंवाल्या घरांचीच असावी. एखादी आजी किंवा काकू रोज सांभाळायला तयार असेल, तर प्रत्येक घरानं तिला रोजचे ठरलेले पैसे द्यावेत. ते नोंदवहीत लिहावेत. "घरचीच आहे" म्हणून फुकट राबवून घेऊ नये.

पाळी घराची आहे, फक्त बाईची नाही. एखाद्या दिवशी शेतात बापाची गरज नसेल तर त्या घरच्या पाळीत तोही डबे पोचवणं, पाणी भरणं, औषध आणणं करू शकतो.

जागा आणि नियम

जागा समाजमंदिराची, एखाद्या मोठ्या ओसरीची किंवा मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर शाळेची असू द्या. अंगणवाडीला किती दिवस सुट्टी आहे, हे अंगणवाडी ताईंना आधीच विचारा. अंगणवाडी उघडी असेल ते दिवस आपल्या नियोजनातून कमी होतील. सुट्टीच्या काळातला पोषण आहार कधी मिळणार, तेही विचारून घ्या. सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांना अंगणवाडीतून आहार मिळणं हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

जागा निवडताना बघा: जवळ उघडी विहीर किंवा हौद नको. फवारणीचा पंप आणि औषध त्या घरात नको. आणि कापूस भरलेली खोली नको. आपल्याकडं भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवतात. त्याला एक ठिणगी पुरते.

हे नियम लिहून भिंतीवर लावा:

१. एकाच वेळी दोन मोठ्या बाया हजर. एकीला कुठं जावं लागलं तर तिसरी आल्याशिवाय जायचं नाही.

२. वहीत रोज लिहायचं: लेकराचं नाव, किती वाजता सोडलं, आईचा फोन, ती आज कुणाच्या शेतात आहे, लेकराला काही आजार किंवा औषध आहे का.

३. नेण्यासाठी वहीत ज्याचं नाव असेल त्याच माणसाकडं लेकरू द्यायचं. ओळखीचा आहे म्हणून दुसऱ्या कुणाकडं नाही.

४. ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल त्या दिवशी लेकरू घरीच ठेवायचं.

५. सहा महिन्यांच्या आतलं बाळ यात धरायचं नाही. त्याला आईचं दूधच लागतं. त्या आईला गटानं पहिली उचल किंवा अंतर्गत कर्जाच्या हप्त्यात सवलत द्यावी का, यावर बैठकीत बोला.

६. मोठ्या मुलींना सांभाळायला बसवायचं नाही. त्या खेळायला आल्या तर येऊ द्या.

दिवसभर लेकरांनी काय करायचं?

महागडी खेळणी लागत नाहीत. मातीचे बैल, भांडी करणं, ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या, पानं-फुलं लावून रांगोळी, गोष्टी, गाणी. कोजागिरीला भुलाबाईची गाणी नुकतीच झालेली असतात. मुली ती लहानांना हौसेनं शिकवतात. तांड्यावरच्या मुली दिवाळीत दिवे घेऊन घरोघर "मेरा" मागायला जातात. त्याची गोष्ट सगळ्या लेकरांना सांगा. घरी गोरमाटी बोलणारं लेकरू असेल तर त्या दिवशी निदान एक बाई ती भाषा बोलणारी हवी, नाहीतर ते दिवसभर रडत बसतं.

डबा प्रत्येकीनं आपल्या घरून द्यावा: वरण-भात, खिचडी, भाकर-भाजी, उकडलेलं अंडं, जे असेल ते. लहान लेकराचं पोट छोटं असतं, म्हणून थोडं थोडं पण तीन-चार वेळा खाऊ घाला. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके लहान लेकरांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याचं कूट करून द्या. दुपारी सगळ्यांना झोपवा.

दिवाळीच्या घरात जपायच्या गोष्टी

फराळाची कढई चुलीवर असते आणि चूल जमिनीवर. तळताना रांगतं, चालतं लेकरू दुसऱ्या माणसाकडं द्या, नाहीतर ते झोपल्यावर तळा. फटाके मोठ्या माणसासोबत, मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून, गंजी आणि साठवलेल्या कापसापासून लांब. विझलेला अनार परत हातात घ्यायचा नाही.

तरीही काही झालं तर

भाजलं: भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं थंड पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, राख लावू नका.

साप चावला: लेकराला हलू देऊ नका. आवळून बांधणं, कापणं, मांत्रिकाकडं नेणं टाळा. थेट दवाखाना.

औषध अंगावर सांडलं किंवा तोंडात गेलं: कपडे काढून साबणानं अंग धुवा. उलटी करवू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी दवाखान्यात सोबत न्या.

रुग्णवाहिकेसाठी १०८, मुलांच्या मदतीसाठी १०९८. हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या गटात सहा वर्षांखालची किती लेकरं आहेत? मागच्या वेचणीत ती कुणाजवळ होती?

२. मागच्या सुट्टीत आपल्या मुलीनं किती दिवस लहान भावंड सांभाळलं? मुलानं किती दिवस?

३. पाळी लावायची तर कोणती घरं तयार आहेत? जागा कोणती?

४. आजी किंवा काकू सांभाळणार असेल तर रोजचे किती पैसे द्यायचे?

आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड यांच्यासोबत आरोग्य आणि शिक्षणही आहे. बैठकीत बचतीचा हिशेब आपण रुपयापर्यंत लिहितो. तसंच लेकरांचं नियोजनही एकदा कार्यवृत्तात लिहा: ठराव, पाळीचा तक्ता, जागा, दोघी जबाबदार बाया. ज्या गटांत लेकरं कमी आहेत त्यांनी शेजारच्या गटासोबत मिळून करावं. सुट्टी संपली की किती दिवस चाललं, काय अडलं, किती पैसे हातात आले, एवढं लिहून ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. तुरीच्या काढणीलाही हीच अडचण येणार आहे. तेव्हा हाच तक्ता पुन्हा कामाला येईल.