वॅट मागून बघ, आधी करंट बघ

अगं, थांब जरा. पंधरा इंची दोन वूफर, तीन हजार वॅटचा अ‍ॅम्प, आणि हे सगळं कार ऑडिओच्या स्पर्धेसाठी बाबांच्या छोट्या हॅचबॅकच्या डिक्कीत? यादी फाडू नकोस, पण दुकानदाराला अॅडव्हान्सही देऊ नकोस. आधी माझं ऐकून घे.

आपल्या एकोडी-साकोलीकडे दुर्गा विसर्जनाला धुमालची, म्हणजे मिरवणुकीतल्या बँडची, गाडी आली की सगळ्यांचं लक्ष बॉक्सच्या थरांकडे असतं. तू पुढच्या वेळी त्याच गाडीवरच्या जनरेटरकडे बघ. तो दमला की एवढे मोठे बॉक्सही मलूल पडतात. तुझ्या गाडीत ते काम बॅटरी आणि अल्टरनेटर करतात. म्हणून खरेदीची सुरुवात तिथून कर, वूफर सगळ्यांत शेवटी.

आकडे घाबरवणारे नाहीत, बघ. हजार वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी अ‍ॅम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम असतो. म्हणजे तो बॅटरीकडून १२५० वॅट ओढणार, आणि १३.८ व्होल्टला ते होतात जवळजवळ ९० अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर एकूणच ७० ते ९० अँपिअरचा असतो, आणि त्यातच इंजिन, दिवे, एसी भागवायचे असतात. गाणं वाजताना एवढी ओढ सतत नसते, म्हणून निभावतं. पण मोठ्या आवाजाच्या स्पर्धेत एकच सूर काही सेकंद पूर्ण ताकदीने वाजवायचा असतो. तेव्हा व्होल्टेज १४.४ वरून १२ वर आलं, तर बऱ्याच अ‍ॅम्पची पॉवर तीस टक्क्यांनी पडते. वॅटचे पैसे भरायचे आणि ते वायरीतच हरवायचे, कशाला गं?

तेव्हा आधी चांगली बॅटरी घे, जमल्यास डिक्कीत दुसरी एजीएम बॅटरी, आणि जाड तांब्याची वायर. हजार वॅटच्या आसपास चार गेज तरी हवी, त्याच्या वर गेलीस तर शून्य गेज. वायर विकत घेताना एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून बघ. आतून चांदीसारखी पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. स्वस्त मिळतं, पण तेवढ्याच जाडीत करंट कमी वाहतं आणि जास्त तापतं. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच बसव. वायर कुठे घासून बॉडीला चिकटली, तर आग लागण्याआधी तोच उडतो. आणि अर्थिंगची वायर आखूड ठेव, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्टने कस. यात मेकॅनिकला 'चालतंय हो' म्हणू देऊ नकोस.

आता मला सांग, तुला कोणती स्पर्धा करायची आहे? हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊच नकोस. एक असते आवाजाच्या दाबाची, ज्याला सगळे एसपीएल म्हणतात. अमेरिकेत वेन हॅरिस यांनी सुरू केलेली डीबी ड्रॅग रेसिंग त्यातलीच. गाडीत सेन्सर लावतात, तू सूर वाजवतेस आणि आकडा पडतो. तिथल्या सगळ्यांत अवाढव्य गाड्या १८० डेसिबलच्या आसपास जातात, आणि त्या वाजताना आत माणूस बसत नाही. दुसरी असते ध्वनीच्या गुणवत्तेची. एमा ही युरोपातून आलेली संस्था अशा स्पर्धांसाठी ओळखली जाते आणि भारतातही तिच्या नियमांनी स्पर्धा होतात. तिथे परीक्षक गाडीत बसून ऐकतो. गाणारी समोर मधोमध उभी आहे असं वाटतं का, बेस मागून ढकलल्यासारखा येतो की गाण्यात मिसळतो, हे तो तपासतो. तुझं मन दुसरीकडे असेल, तर दहा इंची एक वूफर बंद बॉक्समध्ये पुष्कळ झाला. उरलेले पैसे पुढच्या दरवाज्यांतल्या स्पीकरवर घाल. दोन्हीकडे गट ठरलेले असतात, म्हणून नियमांचं पुस्तक आधी वाच.

एसपीएलच करायचं म्हणतेस? बरं. मग खरं सांगू का, वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. पाचशेचे हजार केलेस तरी तीन, हजाराचे दोन हजार केलेस तरी तीनच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. वॅट दुप्पट करून मिळणारे ते ३ डेसिबल नीट बांधलेला बॉक्स पुष्कळ स्वस्तात देतो. पोर्टेड, म्हणजे हवेसाठी तोंड ठेवलेला, बॉक्स त्याच्या ट्यूनिंगच्या आसपास बंद बॉक्सपेक्षा सहज ३ डेसिबल जास्त देतो. म्हणजे चांगला सुतार तुला दुप्पट अ‍ॅम्प वाचवून देतो, बघ.

पण बॉक्स अंदाजाने करायचा नाही. वूफरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे असतात. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत हे गणित बसवलं, आणि विनआयएसडी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे घातले की बॉक्स किती घनफुटांचा आणि पोर्ट किती लांब ते निघतं. ज्या वूफरचे हे आकडेच कंपनी देत नाही, तो घेऊ नकोस. बॉक्स १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा कर, आतून आडवे आधार दे, आणि कापलेल्या कडा सील करून घे. आपल्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतं.

ओहमची भीती वाटते म्हणतेस ना? ती आत्ताच काढून टाकू. बऱ्याच वूफरना दोन कॉइल असतात. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम, एकामागून एक जोडल्या की आठ. तू बारा इंची एकच वूफर घे, चार-चार ओहमचा, आणि एक ओहमपर्यंत टिकणारा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, अ‍ॅम्प घे. आज वूफर दोन ओहमवर चालेल. पुढच्या वर्षी तसाच दुसरा घेतलास आणि चारही कॉइल समांतर केल्यास, की भार बरोबर एक ओहम होईल. अ‍ॅम्प तोच, आणि पॉवर जास्त. आहे ना सोपं?

दुकानात एक गोष्ट होईल, तिची तयारी ठेव. प्रश्न तू विचारशील आणि उत्तर सोबतच्या भावाकडे बघून देतील. रागावू नकोस, पुढचा प्रश्न विचार: 'आरएमएस किती, कोणत्या ओहमला, किती व्होल्टला?' डब्यावरचा 'मॅक्स पॉवर'चा आकडा सोडून दे. सीईए-२००६ या मानकाने मोजलेला आकडा असेल तर तो १४.४ व्होल्टला, एक टक्का विकृतीच्या आत मोजलेला असतो, आणि तोच धरायचा. एवढं बोललीस की ते तुझ्याकडे बघून बोलायला लागतील.

सगळं जोडून झालं की अ‍ॅम्पवरचा गेन. गेन म्हणजे आवाजाचं बटण समजून तो पूर्ण फिरवणारी मंडळी खूप. तू मल्टिमीटर वापर. वूफरच्या वायरी काढून ठेव, बेस बूस्ट शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण, आणि ५० हर्ट्झचा सूर लाव. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट मीटरवर दिसले की थांब. पाचशे वॅट आणि दोन ओहम असतील, तर ३१.६ व्होल्ट. त्यापुढे नेलंस की सिग्नलचे माथे कापले जातात, कॉइल तापते आणि जळक्या वासाने तुला उशिरा कळतं. सबसॉनिक फिल्टर पोर्टच्या ट्यूनिंगच्या थोडा खाली लाव, नाहीतर त्याखालच्या सुरांना कोन मोकाट हलतो. आणि अ‍ॅम्पला हवा राहू दे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, बंद गाडीत तर विचारूच नकोस.

मग रोज थोडं काम. चाळीस ते साठ हर्ट्झमध्ये एकेक हर्ट्झ सरकवत सूर वाजव, डेसिबल मीटर लाव आणि आकडा वहीत लिही. प्रत्येक गाडीचा आपला सूर असतो, तो सापडला की आकडा एकदम वर जातो. खिडकी, नंबरप्लेट, डिक्कीचं झाकण, जे थरथरतं ते तुझे डेसिबल खातं, तेही आवळून घे.

आणि कानांना जप गं. ८५ डेसिबल आठ तास ठीक मानतात, पण पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. कानात बोळे घालून आणि शक्यतो गाडीबाहेर उभं राहून चाचणी कर. सराव गावात नको, धानाच्या बांध्यांकडे लांब जा आणि दिवसा कर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. शेजारच्या आजींना झोप हवी, आणि तुला त्यांचा आशीर्वाद.

सगळं एकदम जमायला हवं असं कुणी म्हटलंय? या आठवड्यात फक्त दोन कामं कर. गाडीच्या अल्टरनेटरवरचा अँपिअरचा आकडा वाचून आण, आणि स्पर्धेच्या नियमांतला तुझा गट शोध. वायर, बॅटरी पुढच्या महिन्यात, बॉक्स त्यानंतर, वूफर शेवटी. बाबा विचारतील, एवढे पैसे कशाला? प्रत्येक रुपयामागचं कारण वहीत लिहून ठेव आणि ती त्यांना दाखव. तुला हे जमणार आहे, कारण तू विचारतेस. न विचारता घेणाऱ्यांच्याच गाड्या स्पर्धेच्या मैदानात बंद पडतात.