मधुमेहींची दिवाळी: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

वसुबारस जवळ आली की मिठाईच्या दुकानात एक वेगळे कपाट मांडले जाते. पाटी ‘शुगर-फ्री’ची आणि भाव शेजारच्या बर्फीहून बराच चढा. पुण्या-मुंबईत किलोला १,००० ते १,६०० रुपये धरून चाला. घरात मधुमेही माणूस असला की हा डबा प्रेमापोटी घेतला जातोच. पण कर्बोदके कमी ठेवायची असतील, तर दिवाळीतला सर्वांत निरुपयोगी खर्च हाच, असे माझे मत आहे.

नियमानुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर ‘शुगर-फ्री’ लिहिता येते. पिठाबद्दल ही पाटी काहीच सांगत नाही. ‘वरून साखर घातलेली नाही’ असे लिहिलेले खजूर-अंजिराचे रोल आणखी फसवे, कारण खजुरात वजनाच्या जवळजवळ पाऊण भाग कर्बोदकेच असतात. म्हणून पाकीट उलटे करा आणि मागच्या तक्त्यात ‘कार्बोहायड्रेट’ ही ओळ वाचा. सुट्या मिठाईवर तो तक्ता नसतो, तेव्हा तिथे अंदाजपंचे.

मखाण्याचेही तसेच. मधुमेहींचा खाऊ म्हणून तो किलोला १,२०० रुपयांच्या पुढे विकला जातो, पण १०० ग्रॅममध्ये सुमारे ७७ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे चुरमुऱ्यांच्याच पंगतीत. हलका असल्याने मूठभर खाल्ला तर बिघडत नाही. वाडगाभर खाल्ला तर बिघडते.

मग घ्यायचे काय? किराणा दुकानातलेच, पण प्रमाण उलटे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे १६ ग्रॅम कर्बोदके, सुक्या खोबऱ्यात २३, आणि पोह्यांत ७५ च्या पुढे. जवसात २९, पण त्यातला बहुतेक भाग चोथा. चिवड्यातून पोहे काढून टाका: अर्धा किलो दाणे, दीडशे ग्रॅम खोबऱ्याचे काप, तेवढेच डाळे, शंभर ग्रॅम तीळ-जवस, कढीपत्ता आणि मिरची. दाणे १६० रुपये किलो आणि खोबरे ३६० धरले, तर तेल-मसाल्यासह साधारण किलोभर चिवडा २०० ते २२० रुपयांत होतो. दुकानातला पातळ पोह्यांचा चिवडा याहून महागच पडतो. पन्नास ग्रॅमच्या वाटीत कर्बोदके दहा-बारा ग्रॅम. पोह्यांच्या चिवड्यात ती पंचवीसच्या पुढे जातात. मात्र ही वाटी अडीचशे-पावणेतीनशे कॅलरींची आहे, हे वजनकाट्यावर उभे राहताना आठवेल.

चकलीच्या भाजणीत तांदूळच जास्त असतो, म्हणून एक-दोन चकल्यांवर थांबावे. बदामाच्या पिठाच्या चकल्यांचे प्रयोग मी चाखले आहेत. किलोला हजाराच्या पुढचे पीठ तळून शेवटी चकली मोडतेच. बेसनाच्या लाडवाला मात्र साखर निम्मी केली तरी चव फारशी बिघडत नाही, तेव्हा लाडू लिंबाएवढे वळावेत. गुळाने काही साधत नाही. रक्ताला तो साखरच वाटतो.

अभ्यंगस्नानानंतर उपाशीपोटी फराळाला बसण्याची रीत मधुमेहींना जड जाते, कारण पुष्कळांची साखर पहाटे आपोआप चढते. आधी दोन अंडी किंवा पनीरचे तुकडे खाऊन मग फराळाची बशी घ्यावी. पनीर १०० ग्रॅमला ४० रुपयांच्या आसपास. भाऊबीजेला पाच घरी दोन-दोन चमचे साखरेचा चहा झाला तर ती जवळजवळ ५० ग्रॅम साखर होते. ‘ताई, माझा बिनसाखरेचा’ असे निघण्यापूर्वीच फोनवर सांगून ठेवावे. त्याला पैसा लागत नाही.

वाचलेले पैसे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांत घाला. २५ पट्ट्यांचा डबा साधारण ४०० ते ६०० रुपयांचा, म्हणजे एक तपासणी सोळा ते चोवीस रुपयांत. सप्टेंबर २०२५ पासून पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या साठ्यावरचा भाव तपासून घ्या. मीटर स्वस्त मिळाला तरी आयुष्यभराचा खर्च पट्ट्यांचा असतो, म्हणून आधी पट्टीचा भाव विचारावा. फराळाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा मोजले, की कोणता जिन्नस तुम्हाला मानवतो हे तुमचेच बोट सांगते. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत असावा असे बहुतेकांना सांगितले जाते. तुमची मर्यादा डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे जायचेच आहे, आणि ते दिवाळीआधी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस बदलावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्या आणि आता अनेकांच्या डब्यात असतात. त्या घेणाऱ्यांनी भात-पोळी पूर्ण बंद करणे घातक ठरू शकते. मळमळ, उलट्या किंवा धाप लागली, तर मीटरवरचा आकडा बरा दिसत असला तरी दवाखाना गाठावा.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. अशा वेळी लाडू पुढे करू नये. तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते. साखरेची छोटी पुडी मात्र भाऊबीजेला निघतानाही पर्समध्ये असू द्या.