‘विम’मध्यें लिहावें कसें व बाहेर यावें कसें

अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरण्याचा मार्ग ठाऊक होता, बाहेर पडण्याचा नव्हता, ही कथा आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची अशीच स्थिति करणारा ‘विम’ नांवाचा एक एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचें व सुधारण्याचें साधन, आहे. लिनक्सच्या ज्या काळ्या पडद्यावर सर्व कामें आज्ञा टंकून करावयाचीं असतात, तेथें तो उघडतो. विद्यार्थी लिहूं लागतो, तों अक्षरें उमटण्याऐवजीं ओळी नाहींशा होतात. बाहेर पडूं जातो, तों वाट सांपडत नाहीं. शेवटीं कंटाळून तो यंत्रच बंद करितो आणि केलेलें काम धोक्यांत घालतो. हा प्रसंग टळावा म्हणून हा लहानसा पाठ आम्ही देत आहों.

प्रथम या साधनाची रीत अशी कां, तें पाहूं. इ. स. १९७६ च्या सुमारास अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांत शिकत असतां बिल जॉय यांनीं ‘व्ही-आय’ हा एडिटर रचला. टेलिफोनच्या तारेनें जोडलेल्या त्यांच्या यंत्रास सेकंदाला सुमारें ३० अक्षरेंच मिळत. बाणांच्या निराळ्या कळाहि त्यावर नव्हत्या. एच, जे, के व एल या कळांवरच बाण काढलेले होते. थोड्या कळांत पुष्कळ काम व्हावें यासाठीं एकाच कळीकडून दोन कामें घेतलीं: एका अवस्थेंत ती आज्ञा, दुसरींत ती अक्षर. हॉलंडचे ब्राम मोलेनार यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला विम हा याच व्ही-आयचा सुधारलेला अवतार होय.

आतां तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, अवस्था ओळखणें. विम उघडतांच आज्ञेची अवस्था असते. तेथें ‘एक्स’ दाबल्यास एक अक्षर खोडलें जातें. ‘डी’ दोनदां दाबल्यास सबंध ओळ जाते. चुकून कांहीं गेल्यास ‘यू’ दाबावें, म्हणजे तें परत येतें. कॅप्स लॉक मात्र लावलेलें नसावें, कारण मोठ्या अक्षरांचे अर्थ निराळे आहेत.

दुसरी, लिहिणें. ‘आय’ दाबल्यावर तळाशीं ‘इन्सर्ट’ हा शब्द दिसतो. मग कळा अक्षरें उमटवितात. लेखन संपलें कीं ‘एस्केप’ दाबावें. आपण कोणत्या अवस्थेंत आहों हें न कळल्यासहि एस्केपच दाबावें.

तिसरी, बाहेर येणें. एस्केपनंतर अपूर्णविरामाचें चिन्ह टंकावें. तें पडद्याच्या तळाशीं दिसेल. त्यापुढें ‘डब्ल्यू’ लिहून एंटर दाबल्यास मजकूर जतन होतो, ‘क्यू’ लिहिल्यास एडिटर बंद होतो, आणि दोन्ही अक्षरें याच क्रमानें लिहिल्यास दोन्ही कामें होतात. बदल टाकून द्यावयाचे असल्यास क्यूपुढें उद्गारचिन्ह द्यावें. मजकूर बदललेला असून नुसता क्यू दिल्यास विम बंद होण्याचें नाकारतो. हा हट्ट नव्हे. काम ठेवावयाचें कीं टाकावयाचें, हें यंत्रानें नव्हे, आपणच ठरवावयाचें असतें.

रत्नागिरीच्या पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. विम दर २०० अक्षरांनंतर, किंवा हात ४ सेकंद थांबल्यास, मजकुराची नोंद ‘स्वॅप’ फाइलींत करितो. पुन्हां उघडतांना तशी सूचना आल्यास ‘रिकव्हर’ हा पर्याय निवडावा. तथापि प्रत्येक परिच्छेदानंतर स्वतः जतन करण्याची संवयच उत्तम.

पालक विचारतील, ‘नॅनो’सारखे सोपे एडिटर असतां हा खटाटोप कां? याचें उत्तर असें कीं, रत्नागिरींत बसून दूरच्या संगणकावर काम करणाऱ्यास तेथें माउस व खिडक्या बहुधा मिळत नाहींत. व्ही-आय मात्र बहुतेक ठिकाणीं सांपडतो. सरावासाठीं ‘विमट्यूटर’ अशी आज्ञा टंकावी. अर्ध्या तासाचा पाठ पुढें येतो.

विम नुसताच उघडला असतां पहिल्या पडद्यावर बाहेर पडण्याची आज्ञा लिहिलेली असते. त्याच पडद्यावर युगांडांतील गरीब मुलांस साहाय्य करण्याची विनंति अनेक वर्षें झळकत आली आहे. मोलेनार यांनीं १९९४ सालीं तेथील किबाले गांवच्या बालकेंद्रांत काम केलें होतें. विमचें मोल त्यांनीं मागितलें नाहीं; त्या मुलांसाठीं दान मागितलें. २०२३ सालीं ते निवर्तले. न वाचतां घाईनें पुढें जाणाऱ्यास बाहेरची वाटहि दिसत नाहीं आणि ही विनंतिहि दिसत नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं आधीं वाचावें, मग लिहावें.