गरिबी कशानें मोजावी ?

खेड्यांतील गरिबी मोजावयाची म्हटली कीं आपण दरमाणशीं उत्पन्न काढतों आणि स्वस्थ बसतों. गरीब मनुष्य स्वतःची सुस्थिति कशांत मानतो, हें त्यासच विचारावें असें आपल्या मनांत येत नाहीं. अर्थशास्त्रज्ञ एन्. एस्. जोधा यांनीं पश्चिम राजस्थानांतील दोन गांवीं तें विचारलें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेली ती हकीगत आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

१९६३ ते १९६६ या काळांत पाहिलेलीं घरें त्यांनीं १९८२ ते १९८४ मध्यें पुन्हां पाहिलीं. त्यांपैकीं ३६ घरांचें दरमाणशीं उत्पन्न, महागाई वजा जातां, शेंकडा ५ हून अधिक घटलें होतें. वहीच्या हिशेबानें तीं अधिक गरीब झालीं. पण गांवकऱ्यांनीं सांगितलेल्या ३८ खुणा लावून पाहतां ३७ बाबतींत त्यांची स्थिति सुधारलेली आढळली !

उन्हाळ्यांत मोठीं माणसें एक वेळचें जेवण टाळतात काय, बायकापोरांच्या पायांत वहाण असते काय, गुरांस व माणसांस वेगळा निवारा आहे काय, अशा कांहीं खुणा होत्या. भुकेस त्यांनीं कमी लेखलें नव्हतें. परंतु अनेक खुणांचा रोख धन्याकडे होता : घरचें कोणी धन्याकडे बांधलेला गडी म्हणून राबतें काय ? बियाणें त्याजकडूनच उसनें आणावें लागतें काय ? माल त्याच्याच मार्फत विकावा लागतो काय ?

येथें आम्ही थोडें स्पष्ट बोलतों. हा धनी आपल्याकडे कोण ? सालगडी ठेवणारे, सवाईनें बियाणें देणारे, अडल्या घरास उचल देणारे आपणच. उचल देणें हा उपकार होय असें आपण मानतों, आणि पुष्कळदां तो असतोही. पण घेणाऱ्याच्या मनांत त्याची नोंद मिंधेपणाच्या सदरीं होते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली खरी. तथापि उचलीमागून "सुगींत आधीं आमच्याकडे" असा जो शब्द येतो, तो कोणत्याच कागदावर नसतो.

उचल बंद करा असें आमचें म्हणणें नाहीं. तसें केल्यास अडलेला सावकाराच्या दारीं जाईल. मात्र ती चिठ्ठीवर लिहून द्यावी, फेड रोख घ्यावी, आणि उचल घेतलेल्या व न घेतलेल्या मजुरांस रोजाचा दर एकच द्यावा. येत्या पेरणीपासून हें करणें अवघड नाहीं.