खाडीच्या आडोशाची खडकावरील वस्ती

तुर्भ्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे, हे आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खाडी म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो चिखल, तिवरांची रांग आणि थंडीत उतरणारे रोहित पक्षी. खाडीपलीकडेही एक तुर्भे आहे. इंग्रजांनी त्याचेच ट्रॉम्बे केले. या दोन तुर्भ्यांमधल्या पाण्यात आणखी एक वस्ती नांदते. बंधाऱ्याच्या दगडांवर, जेटीच्या पायऱ्यांवर, १९७३ साली खुल्या झालेल्या वाशी पुलाच्या खांबांवर ती आहे. तिच्याविषयी चार गोष्टी येथे मांडत आहोत.

आपल्या किनाऱ्याचा खडक म्हणजे काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेला. वरळीला किंवा हाजीअलीला पावसाळ्यात त्यावर खुल्या समुद्राच्या लाटा आदळतात. तेथे टिकायचे तर कवच जाड आणि पकड घट्ट हवी. खाडीत लाटांचा असा मारा नाही, म्हणून तेथील जीवन सुखाचे असेल असे वाटते. प्रत्यक्षात आडोशाचे दुःख निराळे असते. लाट नसली की पाण्यातला गाळ दगडाच्या सपाट माथ्यावर साचतो आणि तेथे चिकटू पाहणारे सूक्ष्म पिल्लू त्याखाली गुदमरते. म्हणून खाडीतल्या दगडाची खरी दाटी त्याच्या उभ्या बाजूंना आणि पोटाखाली आढळते. गढूळ पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे तेथे हिरवे शेवाळ थोडे आणि पाणी गाळून पोट भरणारे प्राणी पुष्कळ: कालवे, स्पंज, चुन्याच्या नळीत राहणारे कृमी आणि बार्नॅकल.

जेटीवर अनवाणी उतरताना ज्याने तळपाय कापतो, तो पांढरा टोकदार सुळका म्हणजे बार्नॅकल. पाहणाऱ्याला तो शिंपला वाटतो, पण नाते त्याचे चिंबोरी आणि कोळंबीशी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या एका प्राणिगटाला दिली. बार्नॅकलचे पिल्लू पाण्यात मुक्त पोहते, मग जागा चाचपते. जेथे आपल्या जातीची मंडळी आधी वसली आहेत तेथे बसणे ते पसंत करते. एकदा डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतले की उर्वरित आयुष्य त्याच ठिकाणी. पाणी आले की झडप उघडून ते केसाळ पाय बाहेर काढते आणि त्यांनी अन्न ओढून घेते. गावाकडून येऊन आपल्या माणसांशेजारी खोली शोधणाऱ्या आपल्या कुटुंबांची आठवण हे शिकवताना आम्हाला नेहमी होते.

खडकावर प्रत्येकाची पायरी ठरलेली दिसते. ती कोण ठरवतो? जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जातींच्या बार्नॅकलवर प्रयोग केले आणि १९६१ साली ते प्रसिद्ध केले. वरच्या पट्ट्यात राहणाऱ्या लहान जातीला खालीही जगता येत होते. पण खाली मोठी जात तिला दाबून, उचकटून काढीत असे. मोठ्या जातीला मात्र वरचे ऊन सोसत नव्हते. खालची सीमा शेजाऱ्याने आखली, वरची उन्हाने. आपल्या जेटीवर उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तेव्हा असे पट्टे उघड्या डोळ्यांनी पाहता येतात.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही पौर्णिमेच्या ओहोटीला गेलो. मुलांनी उत्साहाने दगड उलटवले, वह्या भरल्या, आणि दगड तसेच उताणे टाकून आम्ही परतलो. अमावास्येला पुन्हा गेलो तेव्हा दगडांच्या पोटाशी असलेला स्पंज वाळून कडक झाला होता, कृमींच्या नळ्या रिकाम्या होत्या. जी बाजू कायम ओल्या सावलीत होती ती पंधरा दिवस उन्हाला आणि गाळाला तोंड देत होती. एका मुलीने विचारले, “सर, हे आपण केलं का?” तिला “हो” म्हणण्यावाचून आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून वर्गाने एका वेळी एकच दगड उचलायचा, एकाने तो हातात धरून ठेवायचा आणि त्याच खळग्यात, त्याच बाजूने परत बसवायचा, असा नियम केला आहे.

पालकांसाठी एक सूचना. कालवे तासाला काही लिटर पाणी गाळतात. पाण्यात जे असेल त्यातला काही भाग त्यांच्या अंगात साठतो, आणि त्यात जड धातूही येतात. नाल्यांच्या मुखाजवळची, कारखान्यांच्या पट्ट्यालगतची कालवे मुलांनी फोडून आणली तरी ती कालवणात घालू नयेत. कोळी-आगरी घरांतील आज्यांना हे पटवणे जड जाते, कारण त्यांनी याच खाडीचे कालव पोटभर खाल्लेले आहे.

स्वच्छ पाण्यातील अशीच वस्ती पाहायची असेल तर मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. १९८७ पासून तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य आहे. मुंबईतही प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी-हाजीअलीच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या, कारण कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. जेटीवरच्या बार्नॅकलला असे संरक्षण नाही.

जेटीच्या तिसऱ्या पायरीवर मुलांनी खडूने आखलेल्या एक फूट चौकोनाची नोंदवही विज्ञान कपाटात आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला मोजणीला यायचे असल्यास पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी, ओहोटीच्या वेळी यावे. दुपारी तेथे पाणी असते. पायांत जाड तळव्याची चप्पल असावी.