ताकद रश्श्यात नव्हे, तुकड्यांत!

टीबीच्या रुग्णाला किंवा बाळंतिणीला चिकनचे नुसते अळणी पाणी आणि तुकडे मात्र पुरुषांच्या ताटात, हे घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आजही दिसते. पण झीज भरून काढणारी प्रथिने बहुतेक मांसातच राहतात. पाण्यात उतरतात ते थोडे क्षार, काही जीवनसत्त्वे आणि चव.

कृती : अर्धा किलो हाडासकट चिकन एक चमचा तेलावर आले-लसूण, हळद, मीठ घालून परता. तीन पेले गरम पाणी ओतून झाकण ठेवा, आच मंद करा. २० मिनिटांनी गाजर, रताळे, मुळ्याच्या जाड फोडी टाका. आणखी २५ मिनिटांत मांस हाडापासून सुटते. दात नसलेल्या आजीलाही चावते. गाजरातले कॅरोटीन तेलामुळे अंगी लागते. गॅस वाचवायचा तर कुकर लावा. मधुमेह असेल तर रताळे घेताना भात-भाकरी कमी करा. उरलेले दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर एका वेळेपुरतेच शिजवा.

निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाला उपचारकाळात दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. ते रुग्णाच्या आहारासाठीच आहेत.

भगिनींनो, रुग्णाचे ताट आधी वाढा, तुकड्यांसकट. आणि स्वतःचेही.