परतलेल्या स्वयंसेवकाची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या गावांत उच्चारला म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात पहिली कल्पना येते ती बक्षिसाची. मुलगा हुशार निघाला, परीक्षेत वर आला, म्हणून कोणी त्याची फी भरली. एवढ्यावर हिशेब पुरा झाला असे आईबापांस वाटते, आणि मुलासही वाटते. पुढे तू काय करणार, असे देणाऱ्याने विचारले तर ते विचारणे आपणांस अप्रशस्त वाटते. ह्या पाठात आम्ही अशा एका शिष्यवृत्तीची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो की जी केलेल्या सेवेमुळे मिळते, आणि जी घेतल्याबरोबर नव्या सेवेचा भार अंगावर येतो. ती अमेरिकेतली आहे; तथापि तिच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईच्या विक्रोळीपर्यंत येतो, तो शेवटी दाखवू.

ता. १ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांनी एका आज्ञापत्राने पीस कोअर नावाचे दल स्थापिले. त्यास आपण शांतिदल म्हणू. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्याचा कायदा झाला. सार्जंट श्रायव्हर हे दलाचे पहिले संचालक. आणि कायदा होण्यापूर्वीच, म्हणजे ऑगस्टअखेर, शिक्षकांची पहिली तुकडी घाना देशात आक्रा येथे उतरली होती. स्वयंसेवकांत बहुतेक भरणा नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींचा असे. थोडे महिने शिक्षण, मग परदेशात दोन वर्षे काम, आणि राहणी तेथील लोकांच्या राहणीस धरून, असा नेम होता. हिंदुस्थानातही १९६१ पासून १९७६ पर्यंत असे चार हजारांहून अधिक लोक येऊन गेले. त्यांपैकी कित्येकांनी पंजाबात कोंबड्या पाळण्याचा धंदा शिकविला.

कायद्यात दलाचे हेतू तीन सांगितले आहेत. मागणाऱ्या देशास शिकलेली माणसे पुरवावी, हा पहिला. त्या देशातील लोकांस अमेरिकन लोकांची खरी ओळख व्हावी, हा दुसरा. तिसरा मात्र वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा: अमेरिकन लोकांस इतर लोकांची ओळख व्हावी. पहिले दोन हेतू परदेशी असतानाच साधावयाचे. तिसरा साधावयाचा तर माणूस घरी परत आला पाहिजे. म्हणजे दोन वर्षे भरली, सामान बांधले, आगबोटीत किंवा विमानात बसलो, की काम संपले असे कायदाच म्हणू देत नाही.

आता पैशाचे. स्वयंसेवकास जेवणाखाण्यापुरती रक्कम मिळे. त्याशिवाय दरमहा ७५ डॉलर त्याच्या नावे बाजूस ठेवीत, आणि ते सेवा संपल्यावर देत. दोन वर्षांच्या २४ महिन्यांचे १८०० डॉलर होतात. ही रक्कम मजुरी नव्हे. घरी येऊन पुन्हा बस्तान बसविण्यासाठी ती ठेवलेली असे, व तिचे नावही त्याच अर्थाचे होते. काटकसरी माणसाचे काही महिने त्यात निघत. पुढे काय, हा प्रश्न राहतच असे.

आणि तो प्रश्न लहान नव्हता. जो तरुण खेड्यात शिक्षक, कारभारी, रोग्यांस दवाखान्यात पोचविणारा, सर्व काही होता, तो स्वदेशी येताच पुन्हा कोणीच नाही असा झाला. घरची माणसे दोन दिवस कौतुकाने ऐकत व तिसऱ्या दिवशी विषय बदलत. (घर सोडून दूर राहून आलेल्या कोणासही हे नवीन वाटणार नाही.) मार्च १९६५ मध्ये वॉशिंग्टन येथे परतलेल्या सुमारे एक हजार स्वयंसेवकांची परिषद भरली, आपल्या समाजात आता आपले स्थान कोणते, हाच तेथील मुख्य प्रश्न होता.

ह्या प्रश्नास एक उत्तर त्याच शहरात दोन वर्षे आधी मिळू लागले होते. कार्डोझो नावाची तेथील मोठी सरकारी शाळा कृष्णवर्णी लोकांच्या गरीब वस्तीत होती. १९६३ साली त्या शाळेत एक प्रयोग सुरू झाला. शांतिदलातून परतलेल्या लोकांस तेथे उमेदवार शिक्षक म्हणून घेतले. त्यांनी दिवसाचा काही भाग वर्गात शिकवावे, उरलेल्या वेळी जुन्या अनुभवी शिक्षकांजवळ बसून आपल्या शिकविण्याची चर्चा करावी, धडे स्वतः तयार करावे, मुलांच्या घरी व वस्तीत जावे. आणि त्याबरोबर हॉवर्ड विद्यापीठाचा अभ्यास करून वरची पदवी मिळवावी. खर्चास पैसा आला तो तरुणांतील गुन्हेगारी कमी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीकडून. ह्याचे मर्म असे की, पदवी आणि काम ही दोन निरनिराळी गाठोडी नव्हती. शिकवीत होता म्हणून शिकावयास मिळत होते, आणि सकाळी जे शिकविताना चुकले त्याचाच संध्याकाळी अभ्यास होत होता.

येथे एक आक्षेप आहे, व तो आम्ही टाळणार नाही. गरिबांची शाळा म्हणजे परदेशातून आलेल्या नवख्यांनी हात साफ करून घेण्याची जागा काय? परक्या देशातील खेड्यात दोन वर्षे काढली म्हणून आपल्याच शहरातील गरिबाचे मन कळते, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. उलट, आपल्याला सर्व कळते असा गर्व घेऊन परतलेला माणूस कधीच न गेलेल्यापेक्षा अधिक उपद्रवी होण्याचा संभव असतो. कार्डोझो येथील योजनेत ह्यावर इलाज होता तो अनुभवी शिक्षकाचा. नवख्याच्या वर्गावर त्याची नजर असे. तो शिक्षक काढून घेतला असता तर ही शिष्यवृत्ती गरीब मुलांच्या पदरून दिली गेली असती, असे आमचे मत आहे. हा प्रयोग पाहून गेलॉर्ड नेल्सन व एडवर्ड केनेडी ह्या सेनेटरांनी पुढाकार घेतला, व १९६५ च्या उच्च शिक्षणाच्या कायद्यात शिक्षकदलाची योजना आली. ती १९८० नंतर लवकरच बंद पडली.

परंतु कल्पना बंद पडली नाही. १९८५ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने परतलेल्या स्वयंसेवकांस शिक्षणशास्त्राच्या पदवीकरिता घेऊन त्यांस शहरातील, जेथे शिक्षक टिकत नाहीत अशा, सरकारी शाळांत कामास लावले. पुढे इतर विद्यापीठांनी हा कित्ता गिरविला, आणि शंभराहून अधिक विद्यापीठे ह्यात सामील झाली. आज ही योजना पॉल कव्हरडेल ह्यांच्या नावाने ओळखली जाते. हे गृहस्थ १९८९ ते १९९१ पर्यंत शांतिदलाचे संचालक होते व पुढे सेनेटर झाले. परदेशी असलेल्या स्वयंसेवकांची पत्रे अमेरिकेतील शाळांच्या वर्गांत वाचली जावी, ही व्यवस्थाही त्यांच्याच वेळची, १९८९ ची.

योजनेची रीत अशी. पैसा शांतिदल देत नाही; विद्यापीठ देते. म्हणून रक्कम सर्वत्र सारखी नसते. कोठे फी पुरी माफ, कोठे थोडी. कोठे निर्वाहापुरते वेतन किंवा विद्यापीठातच सहायकाचे काम. अर्जदाराने आपली मुदत नीट पुरी केलेली असली पाहिजे, आणि विद्यापीठात प्रवेशही इतरांप्रमाणे आपल्या योग्यतेवर मिळविला पाहिजे. मग अट येते. शिकत असताना त्याने आपल्याच देशातील एखाद्या उपेक्षित वस्तीत, आपल्या विषयास जुळेल असे काम केले पाहिजे: शिक्षकाने शाळेत, आरोग्याचे शिकणाऱ्याने दवाखान्यात, शेतीचे किंवा नगररचनेचे शिकणाऱ्याने तशाच ठिकाणी. हे काम वगळून ही शिष्यवृत्ती मिळत नाही.

ह्याच्याशी ताडून पाहण्याजोगी त्याच देशात दुसरी एक रीत आहे. अमेरिकोअर म्हणून जे दल १९९३ च्या कायद्याने निघाले, त्यात तरुण लोक आपल्याच देशात सुमारे वर्षभर काम करतात. पुरे वर्ष म्हणजे १७०० तास भरले की शिक्षणाकरिता ठरीव रक्कम त्यांच्या नावे जमा होते. आरंभी ती ४,७२५ डॉलर होती. २००९ च्या कायद्यापासून ती गरीब विद्यार्थ्यांस मिळणाऱ्या पेल नामक सरकारी मदतीच्या कमाल रकमेशी बांधली आहे. पैसा रोख हातात येत नाही, कॉलेजास किंवा शिक्षणाच्या कर्जात परस्पर जातो. सात वर्षांत तो वापरला पाहिजे, त्यावर प्राप्तीचा कर बसतो, आणि कितीही वेळा सेवा केली तरी दोन पुऱ्या वर्षांच्या रकमेहून अधिक मिळत नाही. परंतु रक्कम घेतल्यावर पुढे अमुक ठिकाणी काम कर, असे बंधन नाही. ही मिळकत आहे, व प्रामाणिक मिळकत आहे. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे त्यास हीच बरी वाटेल, आणि त्यास आम्ही दोष देणार नाही. तथापि आपला मुलगा कोणत्या रीतीने शिकावा असे कोणी आम्हांस विचारील, तर आम्ही पहिलीकडे बोट दाखवू. कारण तीत शिकणारा आणि ज्यांच्याकरिता शिकावयाचे ते लोक ह्यांची ताटातूट होत नाही. आपल्या गावचा शिकलेला मुलगा सणावाराला पाहुण्यासारखा येतो आणि दोन दिवसांत परत जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ह्या ताटातुटीविषयी आम्ही अधिक काय सांगावे?

आता विक्रोळीचा धागा. लिलियन कार्टर नावाच्या विधवा बाई जॉर्जिया प्रांतातील प्लेन्स गावच्या राहणाऱ्या, शिक्षणाने परिचारिका. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या शांतिदलात शिरल्या व विक्रोळी येथील गोदरेज वसाहतीत राहून रोग्यांची सेवा करू लागल्या. १९६८ साली त्या परतल्या. त्यांस शिष्यवृत्तीची जरूर नव्हती, आणि तिसऱ्या हेतूची आठवण देण्यास कोणी विद्यापीठही पाठीशी नव्हते. तरी त्या ठिकठिकाणी जाऊन विक्रोळीच्या लोकांविषयी बोलत राहिल्या, आणि तेथून घरी लिहिलेली त्यांची पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले, आणि आपले राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद ह्यांच्या अंत्यविधीस अमेरिकेतर्फे ह्याच बाई आल्या.

परतल्यावर किती वर्षांच्या आत ही शिष्यवृत्ती मागावी, असे कोणी विचारील. अमेरिकोअरप्रमाणे येथे सात वर्षांची मर्यादा नाही. मुदत पुरी केलेल्या स्वयंसेवकाची पात्रता जन्मभर राहते. १९७६ साली जो बाविशीचा तरुण हिंदुस्थान सोडून गेला, त्याने आता सत्तरी ओलांडली आहे. त्याला अजूनही अर्ज करता येतो, आणि तो घेतला गेला तर वस्तीतले काम त्यालाही चुकत नाही.